वीस मीटर तार



हौशी रेडिओचे यंत्र महाग, तेव्हा आम्हां सिंधीपुऱ्यातल्या मुलांना हा छंद परवडेल काय, असे मला नेहमी विचारले जाते. यंत्राचे मोल मी नाकारीत नाही. परंतु आवाज जिच्यावाचून दारातून बाहेर पडत नाही ती अँटेना घरी होते. ती विकत घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

३०० ला मेगाहर्ट्झमधील वारंवारतेने भागले, की तरंगलांबी मीटरमध्ये मिळते. तिच्या निम्म्याहून किंचित आखूड आणि बरोबर मध्यावर तोडलेली तार म्हणजे द्विध्रुव अँटेना. ७.१ मेगाहर्ट्झला ती सुमारे २० मीटर भरते. साधी तांब्याची तार चालते. टोकांना प्लॅस्टिकच्या नळीचे तुकडे बांधून नायलॉनच्या दोरीने ती ताणावी. मोकळ्या अवकाशात तिचा मध्यावरील रोध ७३ ओहमच्या आसपास असतो, आणि टीव्हीची केबल असते ७५ ओहमची. गरिबाला याहून सोयीचे काय हवे? तार प्रथम थोडी लांबच ठेवावी. कापणे सोपे, जोडणे कटकटीचे.

पुस्तके २० मीटर उंची सुचवितात. आपली घरे दुमजली. सातआठ मीटरवरची तार बरीचशी शक्ती वर आकाशाकडे फेकते. दिवसा आयनांबर ती खाली परतविते आणि तीनचारशे किलोमीटरच्या परिघात बोलणे होते. युरोप हुकतो खरा, पण संकटात हाक मारायची ती भोपाळला, नागपूरला. २००१ च्या भूज भूकंपात दूरध्वनी कोलमडले, तेव्हा हौशी मंडळींनीच निरोप पोहोचविले होते.

१९४२ साली मुंबईत उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांचा गुप्त काँग्रेस रेडिओ ४२.३४ मीटरवर बोलत असे. भागाकार करून पाहा: ७.०८ मेगाहर्ट्झ, म्हणजे जवळजवळ आपण आता मोजली तीच लांबी! हौशींचे परवाने महायुद्धाच्या आरंभीच रद्द झाले होते. पोलिसांना चुकविण्यासाठी केंद्र सारखे हलवावे लागे. अँटेना उतरविणे, पुन्हा उभारणे ओघानेच आले. १२ नोव्हेंबरला छापा पडून ते बंद झाले.

आज लपण्याचे कारण नाही. प्रक्षेपणासाठी केंद्र सरकारची परीक्षा व परवाना मात्र हवाच. विजेच्या तारांपासून अँटेना दूर ठेवावी आणि गडगडाटाची चिन्हे दिसण्यापूर्वीच केबल यंत्रापासून सोडवावी.

या शाळेच्या गच्चीवर एक तार ताणण्यास मुख्याध्यापकांनी अनुमती द्यावी, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.