कॅमेऱ्याची सॅक घेताना

आम्ही कळसूबाईच्या पायथ्याच्या बचत गटाच्या बाया. आज बोलायचंय ते पाठीवरच्या सॅकबद्दल. ऐकणाऱ्या म्हणतील, यात काय बोलायचं, दोन पट्टे आणि एक चेन. आम्हीही तसंच म्हणत होतो. त्या म्हणण्याची किंमत सात हजार दोनशे रुपये पडली आणि वर आमच्यातली एक बाई चार महिने बैठकीला आली नाही.

आमच्या गटात अकरा जणी. कळसूबाई म्हणजे आपल्या महाराष्ट्राचं सगळ्यात उंच शिखर, 1646 मीटर. पावसाळ्यात पुण्या-मुंबईची माणसं शिड्या चढून देवीपर्यंत जातात. आम्ही त्यांना पिठलं-भाकरी करून घालतो, वाट दाखवतो. त्यातून साठलेल्या पैशांत थोडं कर्ज घालून आम्ही कॅमेरा घेतला. हौस म्हणून नाही घेतला. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीची जी नोंदवही असते, तिच्यात आपल्या रानातल्या भाज्या, झाडं, कंद लिहायचे असतात. नावं आम्हाला तोंडपाठ. पण भारंगीचा कोवळा पाला आणि फुलावर आलेली भारंगी, दोन्हींचा फोटो शेजारी लावला तर नव्या पोरींना ओळखता येईल, असं ठरलं. कॅमेरा चालवायला शिकली ती आमची धाकटी. वयानं सगळ्यात लहान, म्हणून सगळ्याच तिला धाकटी म्हणतात.

आषाढात आम्ही चौघी वरच्या पठारावर गेलो. कॅमेरा पोराच्या शाळेच्या दप्तरात, कापडात गुंडाळलेला. त्यातच डबे, त्यातच पाणी. सकाळी निघून संध्याकाळी परत, दिवसभर पाऊस. घरी येऊन पाहिलं तर कॅमेरा सुरू होईना. सगळ्यांनी धाकटीला धरलं. पावसात कशाला काढलास, लेन्स उघडी कशाला ठेवलीस. ती म्हणत होती, मी काढलाच नाही फारसा. कोण ऐकतंय. तिनं बैठकीला येणं सोडलं.

दुरुस्तीवाल्यानं कॅमेरा खोलला आणि वास घेतला. म्हणाला, बाई, हे पावसाचं पाणी नाही. पाणी वाळलं तर असा पांढरा, आंबूस थर राहत नाही. हे ताक आहे.

ताकाची बाटली दप्तरात कोणी ठेवली होती? आमच्या अध्यक्षाबाईंनी. झाकण अर्धवट लागलं होतं. आता त्या इथं शेजारीच बसल्यात आणि हे सांगायला त्यांनीच सांगितलंय.

तर पहिली गोष्ट तिथंच कळली. कॅमेऱ्याला पावसापेक्षा आपल्या डब्याचा धोका जास्त. सॅक बघताना आधी हात आत घालून बघायचं की कप्पे खरोखर वेगळे आहेत का. नुसता कापडाचा पडदा असेल तर ताक खाली झिरपणारच. पाण्याच्या बाटलीला जागा बाहेर, बाजूच्या जाळीत हवी.

मग आम्ही तिघी शहरात गेलो सॅक घ्यायला. दुकानदारानं काळी मोठी कॅमेरा सॅक काढली. आत जाड फोमचे खण, दोन कॅमेरे, चार लेन्स, लॅपटॉप सगळं बसेल अशी. आम्ही रिकामीच उचलून पाहिली, तर दोन किलोच्या आसपास भरली. आमचा कॅमेरा लेन्स धरून सातशे ग्रॅम. लांबचं टिपायची दुसरी लेन्स चारशेच्या आतबाहेर. दोन लिटर पाणी म्हणजे दोन किलो झाले. डबा, इरलं नाहीतर रेनकोट, औषधाची पुडी. एका दिवसाच्या चढाला एवढंच लागतं. मग कॅमेऱ्या-लेन्सपेक्षा सॅकच जड कशाला न्यायची? वीस-बावीस लिटरची पुरते. मोठी घेतली की ती भरली जातेच, घरातल्या फडताळासारखी.

जाताना आम्ही कॅमेरा, डबा, भरलेल्या दोन बाटल्या सोबत नेल्या होत्या. हे तुम्हीही करा. दुकानात रिकामी सॅक सगळ्यांनाच छान बसते. भरून पाठीवर घ्या, दुकानाची पायरी दहा वेळा चढा-उतरा. दुकानदार हसला तर हसू द्या.

तिथं एक गंमत कळली. त्या मोठ्या सॅकचा कमरेचा पट्टा आमच्या मांड्यांवर येत होता. सॅक उंच पुरुषाच्या पाठीची होती. पाठीचं माप असं घ्यायचं : मान खाली घातली की मानेच्या मुळाशी हाडाचा उंचवटा लागतो, तिथून टेप खाली सोडायचा, ते कमरेच्या दोन्ही बाजूंना हाताला जी खुब्याची हाडं लागतात त्यांच्या वरच्या कडेच्या रेषेपर्यंत. आमची मापं पंधरा, सोळा इंच आली. सॅकची पाठ त्याच मापाची हवी. म्हणजे पट्टा बरोबर त्या हाडांवर बसतो आणि वजन खांद्यावरून उतरून कमरेवर येतं.

आपल्याला हे नवं नाही. डोक्यावर हंडा घेतो तेव्हा चुंबळ नीट बसली की वजन सरळ पायात उतरतं, मान दुखत नाही. चुंबळ सरकली की सगळा दिवस वाया. सॅकमध्येही जड वस्तू पाठीला चिकटून ठेवायची, हलकी बाहेर. जड बाहेरच्या बाजूला गेलं की ते मागं ओढतं, आणि शिडीवर मागं ओढलं जाणं काही बरं नव्हे. साडी असेल तर पट्टा निऱ्यांच्या गाठीवर येतो आणि रुततो. आमच्यातल्या दोघी आता काष्टा घालूनच चढतात, धाकटी पंजाबी ड्रेस घालते. छातीवरचा छोटा पट्टाही वर-खाली सरकणारा पाहून घ्यावा. बायकांना तो एकाच जागी शिवलेला असला तर काचतो.

एक सॅक आमच्या फार मनात भरली होती. तिची चेन पाठीच्या बाजूनं. चिखलात पालथी ठेवली तरी पाठीला लागणारी बाजू कोरडी राहते, आणि गर्दीत मागून कोणी चेन उघडू शकत नाही. पण पाठीला लांब होती. जीव तुटला, तरी ठेवून दिली.

शेवटी घेतली ती साधी डोंगरावरची सॅक, बावीस लिटर, एकोणीसशे रुपये. कॅमेऱ्याची पेटी आमच्याच शिलाईवाल्या बाईनं शिवली. झोपायच्या फोमच्या चटईचे तुकडे, दोन्हीकडून जुन्या सुती साडीचं कापड, गोधडीसारखे टाके, वर झाकण. आतलं माप दहा इंच लांब, सात रुंद, सहा उंच. तुमच्या कॅमेऱ्याला लेन्स लावून मोजा आणि सगळीकडून बोटभर जागा सोडा. झाकणाला वेलक्रो लावली होती, ती काढून टाकली. त्या चर्र आवाजानं पाखरं उडून जातात. आता बटण आहे.

पावसाचं म्हणाल तर सॅकवर घालायची टोपी येते, ती घ्याच. पण पाठीकडची बाजू तिच्यानं झाकत नाही. मानेवरून ओघळलेलं पाणी पाठीवरून आत जातंच. म्हणून पेटी जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड पिळून बांधायचं. खताच्या गोणीतलं प्लास्टिक मात्र वापरू नका. धुतलं तरी खताचा अंश राहतो, तो ओल धरतो आणि लोखंड-पितळ खातो.

घरी आल्यावर कॅमेरा सॅकमध्ये ठेवून झोपायचं नाही. फोम ओल धरून ठेवतो, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात लेन्सला आतून बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी. आम्ही कॅमेरा पुसून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो, सोबत ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्या. तांदळात ठेवू नका, त्याची पूड फटींत शिरते. चुलीजवळही नको, धूर बसतो.

धाकटीकडे आम्ही पाचजणी गेलो होतो. अध्यक्षाबाई पुढं. तिनं चहा दिला, पण पहिल्या दिवशी हो म्हणाली नाही. तिच्या सासूबाईंनीच नंतर निरोप पाठवला की ती येतेय. श्रावणात पहिल्यांदा नवी सॅक तिनंच घेतली, करटोलीच्या वेलाचा फोटो काढायला. ताकाची बाटली आता अध्यक्षाबाईंच्या हातातल्या कापडी पिशवीत असते, आणि निघताना झाकण दोघी तपासतात.