एकाच हाताची तीन चित्रे



राजकीय व्यंगचित्राने लोकमत घडते, असे आपण सहज म्हणून जातो. ते कसे घडते आणि कोणत्या दिशेने जाते, हे पाहण्यासाठी मी आपल्याला १८७१ सालच्या न्यूयॉर्कमध्ये नेणार आहे. एक चित्रकार, एक साप्ताहिक आणि एकाच वर्षातली तीन चित्रे, एवढाच माझा आजचा विषय.

चित्रकाराचे नाव थॉमस नॅस्ट. १८४० साली जर्मनीत जन्मलेला, लहानपणीच न्यूयॉर्कला आलेला. 'हार्पर्स वीकली' या साप्ताहिकात तो चित्रे काढी. शहराचा कारभार तेव्हा टॅमनी हॉल या डेमोक्रॅटिक पक्षाच्या संघटनेकडे होता आणि संघटना विल्यम ट्वीडच्या मुठीत होती. नव्या न्यायालयाच्या बांधकामाची फुगवलेली बिले मंजूर होत आणि पैसा मधल्यामध्ये मुरे. जुलैमध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने हिशेबाच्या वह्यांतले आकडे छापले. पण आकड्यांचे रकाने वाचणार किती जण? ऑगस्टमध्ये नॅस्टने एक चित्र काढले. ट्वीड, त्याचे साथीदार आणि कंत्राटदार गोल करून उभे आहेत. लोकांचा पैसा कोणी चोरला, असे विचारताच जो तो शेजाऱ्याकडे बोट दाखवतो. ते बोट फिरत फिरत पुन्हा ट्वीडपाशी येते.

नोव्हेंबरच्या निवडणुकीत ट्वीड स्वतः तरला, पण त्याच्या गटाचे बहुतेक उमेदवार पडले. पुढे तो तुरुंगात गेला, पळाला आणि १८७६ मध्ये स्पेनमध्ये पकडला गेला. नॅस्टच्या चित्रावरूनच तिथल्या अधिकाऱ्यांनी त्याला ओळखले, असे सांगतात. १८७८ मध्ये तो तुरुंगातच वारला.

व्यंगचित्राचा गौरव करताना ही गोष्ट नेहमी सांगितली जाते. मला तिच्या पुढचे पान उलटायचे आहे.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नॅस्टने काढलेल्या चित्राचे नाव होते 'अमेरिकेतील गंगा नदी'. काठावर घाबरलेली शाळकरी मुले आणि पाण्यातून सरपटत येणाऱ्या मगरी. निरखून पाहावे, तर त्या मगरी म्हणजे कॅथलिक बिशप. त्यांच्या उंच टोप्यांचेच जबडे झालेले. कॅथलिक शाळांना सरकारी पैसा द्यावा का, हा खरा वाद होता आणि त्यावर दोन बाजूंनी बोलता आले असते. चित्राने मात्र एका धर्माच्या माणसांनाच हिंस्र श्वापदे करून टाकले. आणि गंगाच का? तिथल्या आया आपली मुले मगरींपुढे टाकतात, अशा मिशनरी कथा अमेरिकेत पसरल्या होत्या. शेजारच्या आयरिश माणसाची बदनामी करताना, कधीही न पाहिलेल्या आपल्या देशाचीही जाता जाता होऊन गेली.

तिसरे चित्र याआधीचे, फेब्रुवारीतले. चिनी मजुरांविरुद्ध चवताळलेला जमाव समोर आहे आणि अमेरिकेची प्रतीकदेवता कोलंबिया एका चिनी माणसाला पाठीशी घालून उभी आहे. म्हणजे दुबळ्याची बाजू घेणाराही हाच हात. तरी त्या जमावातला दांडगटही आयरिशच.

चांगला नॅस्ट आणि वाईट नॅस्ट अशी वाटणी करून आपली सुटका होत नाही. तिन्ही चित्रांचे कसब एकच आहे. गुंतागुंतीच्या गोष्टीला एक चेहरा द्यायचा, म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही ती कळते. ट्वीडच्या चेहऱ्यामागे हिशेबाच्या वह्या होत्या. मगरींच्या मागे केवळ भीती होती. पाहणाऱ्याला दोन्ही चित्रे सारखीच पटतात.

पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्या भाषेच्या शेजारात राहिलेल्या आपल्यासारख्यांना हे वेगळे सांगायला नको. एखाद्या टोपीवरून, उच्चारावरून अख्ख्या समाजाचे चित्र कसे रंगवले जाते, हे आपण अनुभवले आहे. आणि खरे बोलायचे तर शेजाऱ्यांची तशी चित्रे आपणही रंगवली आहेत. म्हणून व्यंगचित्र पाहून जरूर हसावे. हसून झाल्यावर एवढेच विचारावे, की या माणसाला त्याच्या कृत्यासाठी रंगवले आहे की त्याच्या जन्मासाठी?