बॅटरी बिचारी निर्दोष!

विश्वकोशाच्या आमच्या वाईत मी मुद्रिते तपासतो. वीज गेली की सारी भिस्त लॅपटॉपवर. गेल्या महिन्यात विंडोज नव्याने टाकून घेतली आणि चार तास चालणारी बॅटरी दीड तासात मान टाकू लागली. "नवी घ्या," दुकानदार म्हणाला. पेन्शनीतून पैसे काढणार, तोच भाच्याने ‘पॉवरसीएफजी’ या आज्ञेने बॅटरीचा अहवाल काढला. मूळ क्षमतेपैकी ८५ टक्के शाबूत! मग दोष कुठे? ग्राफिक्स आणि चिपसेटचे योग्य ड्रायव्हर टाकलेच नव्हते, म्हणून वीज वाचवण्याची सोय नीट चालत नव्हती. शिवाय पडद्यामागे अपडेट आणि फायलींची सूची सुरूच होती. ड्रायव्हर टाकले, दोन दिवस धीर धरला, बॅटरी पूर्ववत. तेव्हा मंडळी, आधी अहवाल पाहा, मगच पाकीट उघडा.