परदेशात आजारी पडलात तर फोन कोणाला लावाल?

(एपिसोडचं शब्दांकन. बोललो तसंच ठेवलंय, फक्त अडखळणं काढून टाकलंय.)

आज कोडिंग नाही, करिअर नाही. आज माझ्या पोटाची गोष्ट. हसू नका, खरंच सांगतोय.

मला जर्मनीत, म्युनिकमध्ये येऊन सात महिने झाले होते. एका गुरुवारी रात्री बेंबीपाशी दुखायला लागलं. मी म्हटलं ॲसिडिटी. आईनं निघताना दिलेली औषधांची पिशवी होतीच. ओवा खाल्ला, ॲसिडिटीची गोळी घेतली, झोपलो. शुक्रवारी रिलीज होतं, म्हणून दुखण्यावरची गोळी घेऊन घरूनच काम केलं. कॉलवर कॅमेरा बंद, एक हात पोटावर.

दुपारी वाटलं, डॉक्टरला दाखवूया. इथे पहिली अडचण आली. आपल्याकडे कोपऱ्यावर दवाखाना असतो, जाऊन नंबर लावायचा. जर्मनीत आधी हाउसआर्ट्स्टकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे जातात. सात महिन्यांत मी तो शोधलाच नव्हता. तब्येत ठणठणीत होती ना! तीन क्लिनिकला फोन लावले. एकानं सांगितलं, नवीन पेशंट घेत नाही. बाकी दोघांकडे रेकॉर्ड केलेला मेसेज. शुक्रवारी दुपारनंतर बरीच क्लिनिक्स बंदच असतात, हे मला तेव्हा कळलं.

शनिवारी अंगात ताप आणि दुखणं बेंबीपासून सरकून उजवीकडे खाली. वाकत वाकत आपोटेकेत गेलो. आपोटेके म्हणजे आपलं मेडिकल. म्हटलं, अँटिबायोटिक द्या. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, प्रिस्क्रिप्शन? मी म्हटलं, नाहीये, पण मला माहितीये कुठलं लागतं. त्या म्हणाल्या, शक्य नाही. मला इतका राग आला! आमच्या गल्लीतल्या मेडिकलवाल्या काकांनी नुसतं तोंड बघून गोळ्या दिल्या असत्या. आज वाटतं, त्या बाईंनी माझ्यावर उपकार केले. गोळ्या मिळाल्या असत्या तर मी आणखी दोन दिवस घरीच पडून राहिलो असतो. त्यांनी एका चिठ्ठीवर नंबर लिहून दिला. ११६११७. म्हणाल्या, आजच फोन करा.

मी केला नाही. का? खरं सांगू? बिलाची भीती. अमेरिकेतल्या हॉस्पिटलच्या बिलांचे रील्स आपण सगळ्यांनीच पाहिलेत. परदेश म्हटला की सगळीकडे तसंच, असं डोक्यात बसलेलं. दर महिन्याला माझ्या पगारातून हेल्थ इन्शुरन्सचे पैसे कापले जात होते, पे-स्लिपवर ती ओळ होती, पण त्याच्या बदल्यात काय मिळतं हे मी कधी वाचलंच नव्हतं. आणि म्हणे इंजिनियर, डॉक्युमेंटेशन वाचणारा माणूस!

रविवारी सकाळी उभंच राहता येईना. तेव्हा ११६११७ लावला. हा नंबर कशासाठी? जीव धोक्यात नाही, पण क्लिनिक उघडायची वाट बघता येत नाही, अशा वेळेसाठी. जीव धोक्यात असेल तर ११२. पलीकडच्या बाईंना विचारलं, इंग्लिश चालेल का? त्यांनी सावकाश एकेक प्रश्न विचारला आणि एका हॉस्पिटलच्या आवारातल्या सुट्टीच्या दिवशी चालणाऱ्या क्लिनिकचा पत्ता दिला.

आता ऐका, हे महत्त्वाचं आहे. डॉक्टरांनी विचारलं, दुखणं कसं आहे? मराठीत मी सांगितलं असतं की आधी मुरडा होता, मग कळा आल्या, आता ठणकतंय. इंग्लिशमध्ये माझ्याकडे एकच शब्द, पेन. मग त्यांनी विचारलं, एक ते दहामध्ये किती? मी म्हटलं पाच. आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं ना, सहन करावं, कांगावा करू नये. पण त्यांच्यासाठी तो आकडा म्हणजे माहिती असते. तुम्ही पाच सांगितलं की ते पाचच धरतात. तुमच्या चेहऱ्यावरून आठ ओळखणारी आई तिथे नसते.

सुदैवानं त्यांनी पोट दाबलं आणि पटकन हात सोडला. दाबताना दुखलं, पण सोडताना जे दुखलं ना, मी चक्क मराठीत ओरडलो. त्यानंतर सगळं भराभर झालं. रक्त घेतलं, सोनोग्राफी केली. अपेंडिक्स. फुटायच्या बेतात. आजच ऑपरेशन.

आणि मग एक नर्स फॉर्म घेऊन आली. नाव, जन्मतारीख, इन्शुरन्स कार्ड. डिपॉझिट कोणी मागितलं नाही. शेवटच्या रकान्यात लिहायचं होतं, काही झालं तर कोणाला कळवायचं? नाव आणि फोन नंबर.

मी बाबांचा नंबर लिहिला, प्लस नऊ एक. तिनं अगदी हळू विचारलं, इथे जर्मनीत कोणी?

मंडळी, सात महिन्यांत माझ्या फोनमध्ये दीडेकशे नवे नंबर आले होते. घरमालक, बँक, एचआर, मराठी मंडळाचा ग्रुप, क्रिकेटचा ग्रुप. पण माझं काही बरंवाईट झालं तर याला उठवा, असं म्हणावं असा एकही माणूस मला आठवेना. आपल्याकडे हॉस्पिटलमध्ये पहिला प्रश्न असतो, पेशंटबरोबर कोण आहे? कोणीतरी असतंच. औषधं आणायला काका, डबा आणायला मावशी, रात्री बाकावर झोपायला मित्र. इथे सगळं स्टाफच करतो, म्हणून सोबत कोणी लागत नाही. तरीही त्या कोऱ्या रकान्याकडे बघून मला रडू आलं.

शेवटी ऑफिसमधल्या शेजारच्या डेस्कवरच्या मुलीचा नंबर दिला. तिच्याशी बोलणं किती, तर कॉफी मशीनपाशी हाय-हॅलो. तिला मेसेज केला, सॉरी, तुझं नाव दिलंय. शुद्धीवर आलो तेव्हा ती खुर्चीत बसली होती. चार्जर, टूथब्रश आणि सपाता घेऊन. मी सॉरी म्हणायला लागलो तर म्हणाली, सॉरी काय त्यात, मला बरं वाटलं तू विचारलंस.

आईला मी रविवारी खोटं सांगितलं होतं. म्हटलं, डोंगरात आलोय, रेंज नाही. मंगळवारी खरं सांगितलं. बाबा आधी गप्प, मग म्हणाले, पैसे पाठवू का? आईचा ओरडा मिळेल म्हणून मी तयारीत होतो. ती म्हणाली, "आम्हाला सांगितलं नाहीस त्याचं ठीक आहे रे. पण तिथे तुझ्याजवळ सांगायला कोणी नव्हतं, ते मला झोपू देत नाही." त्या रात्री थंड ब्रेड आणि चीजचं जेवण समोर होतं आणि मला फक्त आईच्या हातचा मऊ भात आणि मेतकूट हवं होतं.

बिल? रविवार ते शुक्रवार सहा दिवस. सरकारी पद्धतीच्या इन्शुरन्समध्ये पेशंटला हॉस्पिटलचे दिवसाला १० युरो भरावे लागतात, तेही वर्षातून जास्तीत जास्त २८ दिवस. माझे झाले ६० युरो. ज्या भीतीनं मी एक अख्खा दिवस घालवला, जीव धोक्यात घातला, ती साठ युरोंची होती.

तर आता कामाचं बोलू. निघण्याआधी किंवा पोचल्यावर पहिल्या महिन्यात हे करा.

एक. बरे असतानाच फॅमिली डॉक्टर शोधा. जर्मनीत हाउसआर्ट्स्ट, यूकेमध्ये जीपीकडे नोंदणी.

दोन. दोन नंबर सेव्ह करा, एक जिवावर बेतलं तर आणि एक त्याखालोखालचा. जर्मनीत ११२ आणि ११६११७. यूकेमध्ये ९९९ आणि १११. अमेरिकेत ९११, आणि तुमच्या इन्शुरन्सच्या नेटवर्कमध्ये कुठलं हॉस्पिटल आणि कुठलं अर्जंट केअर येतं ते आधीच बघून ठेवा, कारण तिथे बिलाची भीती खोटी नाही.

तीन. इन्शुरन्सचं कार्ड पाकिटात ठेवा. जर्मनीत प्रिस्क्रिप्शनही आता ऑनलाइन असतं, आपोटेकेत तेच कार्ड लावलं की औषध मिळतं. बहुतेक औषधांना ५ ते १० युरो भरावे लागतात. प्रायव्हेट इन्शुरन्स असेल तर बरेचदा आधी तुम्ही भरता, मग परत मागता. तुमचा कुठला आहे ते आजच बघा.

चार. फोनमध्ये एक नोट करा. ॲलर्जी, जुने आजार, चालू औषधं. औषधांची ब्रँडची नावं लिहू नका, आतल्या घटकाचं नाव लिहा. क्रोसिन तिथे कोणाला कळणार नाही, पॅरासिटामॉल कळेल.

पाच. आजारपणाची रजा घ्या. मी हॉस्पिटलातून लॅपटॉप उघडणार होतो. जर्मनीत नोकरीला चार आठवडे झाले असतील तर आजारपणात सहा आठवड्यांपर्यंत पूर्ण पगार मिळतो, कायदाच आहे. तीन दिवसांपेक्षा जास्त आजारी असाल तर डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं. काही कंपन्या आधीच मागतात, तेवढं विचारून ठेवा.

आणि सहा. तो रकाना. तुमच्या शहरातला एक माणूस ठरवा आणि त्याला तोंडावर विचारा, तुझा नंबर देऊ का? अवघड वाटेल, मला पण वाटलं होतं. बदल्यात तुम्हीही त्याचा माणूस व्हा. मी आता तीन जणांचा आहे. त्यातला एक नुकताच नागपूरहून आलाय, पहिल्याच आठवड्यात मी स्वतःहून त्याला नंबर दिला.

बाहेर राहणारा तुमचा मित्र, बहीण, कोणी असेल तर हा एपिसोड पाठवा. आणि पाठवताना एकच विचारा, तिथे तुझ्याजवळ कोण आहे?

चला, भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!