होडीतून घरी आल्यावर

मुलांना होडीत खूष कसे ठेवावे, हे आम्ही सांगायला नको. होडीत पोरे खूषच असतात. रडारड सुरू होते ती घरी परतताना. आज बोलायचे आहे त्या संध्याकाळविषयी.

दोन वर्षांपूर्वी वैशाखात आम्ही घरची सात माणसे मालवणला गेलो. धक्क्यावरून होडीने सिंधुदुर्ग किल्ला अगदी जवळ. शिवाजी महाराजांनी तो १६६४ साली बांधायला घेतला आणि १६६७ साली पुरा केला. चहूकडे खारे पाणी, आणि आतल्या विहिरींना मात्र गोडे! दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशी त्यांची नावे. नातवंडांनी आमचा हात धरून तिन्हींत डोकावून पाहिले. मग एका ओळखीच्या होडीवाल्याने देवबागच्या खाडीत दुपारभर फिरवले. दिवस सोन्यासारखा गेला.

एस.टी.त बसलो आणि सारे बिघडले. आठ वर्षांच्या नातवाने बहिणीला चिमटा काढला. चार वर्षांची छबी हट्टाला पेटली, पुन्हा होडीत बसायचे म्हणून. आम्ही शाळेत पस्तीस वर्षे मुलांना वळण लावलेले! डोळे वटारून त्यांना गप्प केले. घरी अंथरुणावर पडताच छबी पुन्हा रडू लागली.

"आजोबा, घर हलतंय."

आम्हाला वाटले, हे नवे ढोंग. "घर कधी हलते का? खोटे बोलतेस?" असे म्हणून पाठीत एक धपाटा घातला. पोर हुंदके देत उपाशीच झोपली.

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या डॉक्टरांना हे सहज सांगितले. ते म्हणाले, "गुरुजी, पोर खरं बोलत होती."

कानाच्या आत खोलवर तोल सांभाळणारा एक भाग असतो. होडी डुलते, तशी त्याची खबर मेंदूला जाते. मेंदू त्या डुलण्याला सरावतो. जमिनीवर आलो तरी तो सराव लगेच सुटत नाही. डोळे मिटले की वाटते, अंथरूणच डुलते आहे. मोठ्यांनाही असे होते. झोप झाली की बहुधा उतरते.

बाकीची चिडचिडही ढोंग नव्हती. होडीत वारा लागतो, म्हणून ऊन जाणवत नाही. घाम तिथल्या तिथे वाळतो. तहान लागली हे खेळात पोरांना कळतच नाही. ती पाणी मागतील तेव्हा देऊ, असे म्हणू नये. आपणच घोट घोट पाजत राहावे. अंगावर खारे पाणी वाळले की खाज सुटते. ओली चड्डी मांड्यांना काचते. पोराला हे सांगता येत नाही, मग ते बहिणीला चिमटा काढते!

घरी आल्यावर आधी गोड्या पाण्याने आंघोळ. मग कोरडे कपडे आणि ऊन ऊन पेज. "हात धुतलेस का, चपला कुठे टाकल्यास" ही उलटतपासणी पोटात चार घास गेल्यावर करावी.

एक मात्र ध्यानात ठेवा. कोणी पाण्यात पडले असेल आणि नंतर खोकला थांबत नसेल, दम लागत असेल. किंवा पोराचे अंग तापून ते बरळत असेल, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. तडक दवाखाना गाठा.

डॉक्टरांकडून आलो आणि छबीला जवळ घेतले. "बाई, आमचे चुकले," म्हणालो. तिने विचारले, "मग परत होडीत नेणार?"

गेल्या वर्षी पुन्हा गेलो. या वेळी पाण्याची कळशी आणि कोरड्या कपड्यांचे गाठोडे आमच्या मंडळींनी बरोबर घेतले होते. परतताना नातवाने एस.टी.भर होडीच्या गोष्टी सांगितल्या. दोन हात लांब मासा घरी येईपर्यंत होडीएवढा झाला. आम्ही दुरुस्ती केली नाही. रात्री दिवा मालवताना छबी म्हणाली, "आजोबा, आज घर हलेल का हो?"

"हलेल थोडे. आमचा हात धर."

तिने हात धरला, आणि आम्ही पाठ टेकतो न टेकतो तोच ती झोपलीसुद्धा.