तापलेल्या हवेची वाट

वैशाखांतील दुपार. सोलापुरांत पारा ४२ अंशांवर चढला आहे. एक कुटुंब देवीच्या दर्शनासाठीं मोटारीनें तुळजापुरास निघालें आहे. सपाट रस्त्यावर गाडी सुखानें धांवते. परंतु बालाघाटाची चढण लागते, पुढें लादलेली मालमोटार रांगत असते, आणि तिला ओलांडूं जातांच चालकास कळून येतें कीं, थंडीच्या दिवसांतील गाडी ही नव्हे. पाय दाबला तरी जोर येत नाहीं. ‘गाडीला पिकअप राहिला नाहीं’ असें म्हणून दुसरे दिवशीं गॅरेज गांठलें जातें, आणि इंजिन उघडण्याच्या गोष्टी सुरू होतात. पुष्कळदां दोष इंजिनांत नसतो. तो असतो पुढच्या जाळीआड, इंटरकूलर नांवाच्या एका साध्या डब्याच्या भोंवतीं.

इंजिनाचें बळ त्याला मिळणाऱ्या इंधनाइतकेंच हवेवर अवलंबून आहे. हवा अधिक, तर इंधन अधिक जळतें आणि जोर अधिक मिळतो. बाहेर फुकट जाणाऱ्या धुराच्या वेगानें एक चक्र फिरवावें आणि त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्रानें हवा दाबून इंजिनांत भरावी, ही कल्पना आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याची. तिचें पेटंट १९०५ सालचें. हाच टर्बोचार्जर. मोटारींतील लहानशा टर्बोचार्जरचें चक्र मिनिटास लाखाहून अधिक फेरे घेतें. या यंत्रविद्येशीं सोलापूरही अपरिचित नाहीं. ज्या झडपांतून ही हवा सिलिंडरांत शिरते, त्या उघडणारे कॅमशाफ्ट याच शहरांत ओतले व घडविले जातात.

परंतु हवा दाबली कीं तापते. सायकलचा पंप जोरानें मारल्यावर त्याची नळी हातास चटका देते, हा अनुभव घरोघरचा आहे. टर्बोचार्जरमध्यें हीच गोष्ट फार मोठ्या प्रमाणावर घडते. ४२ अंशांची हवा दुप्पट दाबाची केली, आणि दाबणाऱ्या चक्राची कार्यक्षमता शेंकडा सत्तर धरली, तर ती सुमारें १४० अंशांवर जाते. तापलेली हवा विरळ असते. म्हणजे दाब वाढवून जें कमावलें, त्यांतील बराचसा वांटा उष्णता परत हिरावून घेते. शिवाय पेट्रोलच्या इंजिनांत अशा हवेमुळें इंधन अवेळीं पेटून ठोके पडूं लागतात. तें टाळण्यासाठीं आजच्या गाडीचें नियंत्रक यंत्र आपण होऊन जोर आवरतें. डिझेलच्या इंजिनांत धूर आणि धुराची उष्णता हीं दोन्ही वाढतात.

यावर उपाय म्हणजे टर्बोचार्जर आणि इंजिन यांच्या दरम्यान ती हवा निववणें. दुसऱ्या महायुद्धांत, १९४२ सालीं स्पिटफायर विमानांत बसविलेल्या रोल्स-रॉईस मर्लिन इंजिनाला असाच शीतक जोडलेला होता. पुढें हीच युक्ति मोटारींत आली. बहुतेक मोटारींतील इंटरकूलर ॲल्युमिनियमच्या चपट्या नळ्यांचा असतो. नळ्यांतून तप्त हवा जाते, नळ्यांमधील पातळ पात्यांवरून बाहेरचा वारा वाहतो, आणि आंतली उष्णता बाहेर नेतो. यांत ना बर्फ, ना वीज. म्हणूनच एक मर्यादा कायम लक्षांत ठेवावी लागते: बाहेरच्या हवेहून अधिक थंड हवा असा इंटरकूलर कधींच देऊं शकत नाहीं.

त्याची कार्यक्षमता मोजण्याची रीत सोपी आहे. वरील उदाहरणांत आंत येणारी हवा १४० अंशांची, बाहेरची ४२ अंशांची; अंतर ९८ अंश. यांपैकीं ६९ अंश उतरले, तर कार्यक्षमता शेंकडा सत्तर, आणि इंजिनास मिळणारी हवा ७१ अंशांची. तेवढ्यानें हवेची घनता सुमारें एकपंचमांशानें वाढते. तीच कार्यक्षमता पन्नासावर घसरली, तर हवा ९१ अंशांवर राहते, आणि शेंकडा पांच-साडेपांच भाग हवा कमी पडते. घाटांत हाच फरक पायाखालीं जाणवतो.

ही कार्यक्षमता घसरते कशामुळें? बहुधा बाहेरच्या वाऱ्याची वाट अडल्यामुळें. उन्हाळ्यांत घरांत एकच खिडकी उघडून भागत नाहीं, हें सोलापूरकरांस सांगावयास नको. समोरासमोर दोन खिडक्या उघड्या असल्या तरच वारा खेळतो. इंटरकूलरचेंही तसेंच आहे. त्याच्या पुढें दाब अधिक आणि मागें कमी असेल, तरच वारा पात्यांमधून जाईल. नाहीं तर तो सोपी वाट धरून कडेच्या फटींतून निसटेल. चढणीवर आणखी एक अडचण येते. गाडीचा वेग ९० किलोमीटरांवरून ३० वर, म्हणजे तिसऱ्या हिश्श्यावर आला, कीं समोरच्या वाऱ्याचा दाब नवव्या हिश्श्यावर येतो. इंजिनावर भार सर्वांत अधिक, आणि वारा सर्वांत कमी! सात रस्त्याच्या चौकांत सिग्नलला उभ्या राहिलेल्या गाडीस तर रेडिएटरच्या पंख्यानें ओढलेल्या वाऱ्यावरच भागवावें लागतें. कांहीं गाड्यांत इंटरकूलर बॉनेटखालीं, इंजिनाच्या माथ्यावर असतो. तो उभ्या गाडींत इंजिनाच्याच धगीनें तापून बसतो.

अशा वेळीं पुष्कळांस मोठा इंटरकूलर बसविण्याचा मोह होतो. पण मोठ्या डब्यांत आंतील हवेच्या दाबाची घट वाढूं शकते, पात्यांची दाटी वाढली तर बाहेरचा वारा शिरत नाहीं, आणि मागच्या रेडिएटरचाही श्वास कोंडतो. वाटच बंद असेल, तर डबा मोठा असून काय उपयोग?

त्यापेक्षां आहे तीच वाट मोकळी करावी. काळ्या मातीची धूळ, चिखल आणि मेलेले किडे पात्यांत बसून घट्ट होतात. ते गार झालेल्या गाडींत, मंद धारेनें, शक्य तर मागील बाजूनें धुवावे. जोराच्या फवाऱ्यानें नाजूक पातीं वांकतात आणि असलेल्या वाटाही मिटतात. जाळीसमोर जादा दिवे आणि शोभेच्या पट्ट्या लावूं नयेत. अपघातानंतर पुढचा भाग दुरुस्त होतो, तेव्हां वारा वळविणारे प्लॅस्टिकचे पडदे आणि फटी बुजविणारे फोम ‘बिनकामाचे’ म्हणून पुष्कळदां परत बसविले जात नाहींत. ते मागून घ्यावेत. रबरी नळ्यांच्या जोडांवर तेलाचा ओलावा किंवा दाबाखालीं फुसफुस आढळली, तर तेथून दाबलेली हवा गळत आहे असा संशय घेऊन जोड तपासावा. आणि घाटांत मालमोटारीच्या अगदीं पाठीस न चिकटतां अंतर राखावें. तिच्या आडोशाला गाडीस वारा मिळत नाहीं, आणि पुढचा रस्ताही दिसत नाहीं.

सोलापूरचा उन्हाळा कोणास कमी करतां यावयाचा नाहीं. परंतु वाऱ्याची वाट मोकळी राखणें हें प्रत्येक गाडीवाल्याच्या हातीं आहे. वाळ्याचे पडदे लावून आणि खिडक्या समोरासमोर ठेवून जुन्या पिढीनें याच उन्हांत घरें निववलीं. गाडीच्या जाळीआडही तोच न्याय चालतो. इंजिन उघडण्यापूर्वीं एकदां जाळीआड डोकावून पाहावें. पुष्कळदां तेवढ्यावरच मोठ्या खर्चाचें संकट टळतें.