घराची वाट पाहताना

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या कुटुंब मेळाव्यातील भाषण)



समितीने निरोप धाडला की तुमच्या घराची हकिकत सांगा. आम्ही म्हटलं, अहो, आम्ही काही वक्ते नाही. तर सेक्रेटरी म्हणाले, "वक्ते पुष्कळ झाले. आपल्या वस्तीत आज दहा-बारा कुटुंबं फ्लॅटच्या मागे धावताहेत. कुणाचं काम रखडलंय, कुणाचे पैसे अडकलेत. त्यांना उपयोगी पडेल असं बोला." म्हणून उभे राहिलो आहोत. चुकलं-माकलं तर सांभाळून घ्या.

घर हा विषय आपल्या माणसाच्या काळजाला लागलेला आहे. १९१७ साली बाबासाहेब परदेशातून शिकून बडोद्याला नोकरीवर गेले, तेव्हा एवढ्या विद्वान माणसाला त्या शहरात राहायला जागा मिळाली नाही. पारशी सरायीतून बाहेर काढल्यावर मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कामाठी बागेत बसून राहिले. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. पुढे कितीतरी वर्षं ते परळच्या बी.आय.टी. चाळीत राहिले आणि मग १९३० नंतरच्या काळात दादरला 'राजगृह' उभं राहिलं. आमची गोष्ट त्यापुढे अगदीच लहान. पण जागेची वाट पाहणं म्हणजे काय, ते आम्हालाही थोडंफार कळलं.

२०१३ सालच्या दसऱ्याच्या सुमारास आम्ही बदलापूरला फ्लॅट बुक केला. वन रूम किचन, सव्वाचारशे फूट, किंमत सतरा लाख. त्या वेळी आम्ही नोकरीच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. खोली चांगली, शेजार चांगला, विहार जवळ. पण क्वार्टर आपली नसते. नोकरी संपली की ती सोडावी लागते. आमची निवृत्ती होती मे २०१८ ला आणि बिल्डरने करारात ताब्याची तारीख घातली होती डिसेंबर २०१५. आम्ही बोटांवर हिशेब केला, हातात सव्वादोन वर्षांहून जास्त वेळ शिल्लक राहतो, काळजी नको.

पैशाची जुळवाजुळव आपल्याकडे होते तशीच झाली. चार लाख पीएफमधून, एक लाख पतपेढीचे आणि एक लाख हिच्या बांगड्या मोडून. उरलेल्या अकरा लाखांचं कर्ज मुलाला सोबत घेऊन काढलं. पेढे वाटले. विहारातही वाटले, तुमच्यापैकी काहींनी खाल्लेसुद्धा असतील.

चार स्लॅब पडले आणि २०१५ च्या पावसाळ्यानंतर काम थांबलं. आम्ही रविवारी गाडी पकडून बघायला जायचो. सळ्या गंजलेल्या, खाली कुत्री बसलेली. एक दिवस वॉचमन म्हणाला, "काका, दर रविवारी येऊ नका, भाडं वाया जातं. माझाच तीन महिन्यांचा पगार राहिलाय." तोपर्यंत बँकेने बिल्डरला सहा लाख साठ हजार दिले होते. त्याचं नुसतं व्याज महिन्याला साडेपाच हजार जायचं. मुद्दलातला एक रुपया कमी होत नव्हता.

जानेवारी २०१६ मध्ये बिल्डरचं पत्र आलं. कंत्राटदार सोडून गेला आहे, ताब्याची नवीन तारीख मागाहून कळवू. आता खरी सांगायची गोष्ट इथे आहे. आमच्यापैकी एकाने, म्हणजे आता भाषण करतोय त्यानेच, ते पत्र कपाटात अंथरलेल्या कागदाखाली सरकवून ठेवलं. घरात कुणी विचारलं की सांगायचं, "काम चालू आहे, थोडा उशीर होईल." असे तीन महिने गेले. रात्री झोप नाही, मुलावर उगाच चिडचिड, विहारात यायचंही बंद. चूक बिल्डरची आणि लाज वाटत होती आम्हाला. लोक म्हणतील, एवढा शिकलेला माणूस, पण फसला.

चौदा एप्रिलच्या आधी आपल्याकडे घराची साफसफाई निघते. कपाटातले कागद बदलताना ते पत्र हिच्या हाती लागलं. आम्हाला वाटलं आता पैशावरून भांडण होणार. ही म्हणाली, "पैसे गेले तर पुन्हा मिळवू. पण तीन महिने तुम्ही रोज माझ्याशी खोटं बोललात, ते कुठे लिहून ठेवू?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

त्याच रात्री शंभर पानी वही आणली. पहिल्या पानावर किती दिले, कधी दिले, पावती कुठे आहे. पुढच्या पानापासून तारखेवार, कुणाला फोन केला, काय बोलणं झालं. वही हिने लिहायची, फोन आम्ही करायचा. मुलगा इंग्रजीत पत्र लिहायचा आणि आम्ही ते रजिस्टर पोस्टाने पाठवायचो. घर काही लगेच मिळालं नाही. पण त्या रात्री पाच-सहा तास झोप लागली, हे खरं.

पुढच्या रविवारी वंदना झाल्यावर हिने महिला मंडळात विषय काढला. तेव्हा कळलं की याच विहारात येणारी आणखी दोन कुटुंबं त्याच इमारतीत अडकली आहेत. तीही आमच्यासारखीच गप्प! एकाच सतरंजीवर बसून वंदना म्हणत होतो आणि एकमेकांचं दुखणं माहीत नव्हतं. मग साईटवर जाऊन बाकीचे शोधले. अकरा कुटुंबं झालो. एकट्याचा फोन बिल्डरच्या ऑफिसात कुणी घेत नव्हतं. अकराजण एकदम जाऊन बसल्यावर चहा आला.

१ मे २०१७ पासून आपल्या राज्यात रेरा कायद्याचं प्राधिकरण, म्हणजे महारेरा, सुरू झालं. ज्या इमारती अपुऱ्या होत्या त्यांचीही तीन महिन्यांत नोंदणी करणं बिल्डरला भाग पडलं. आमच्या बिल्डरने नोंदणी केली आणि ताब्याची तारीख टाकली डिसेंबर २०१९. म्हणजे चार वर्षांचा उशीर एका फटक्यात पुसून टाकला! आम्ही हबकलो. पण ६ डिसेंबर २०१७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला, की उशीर मोजायचा तो खरेदीदाराशी केलेल्या मूळ करारातल्या तारखेपासून. योगायोग बघा, महापरिनिर्वाण दिनीच हा निकाल लागला. चैत्यभूमीवरून परतल्यावर आम्हाला ही बातमी कळली.

कायदा काय म्हणतो ते सोप्या भाषेत सांगतो. करारातल्या तारखेला ताबा मिळाला नाही तर तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. एक, बाहेर पडायचं आणि सगळे पैसे व्याजासह परत मागायचे. दोन, थांबायचं आणि ताबा मिळेपर्यंत प्रत्येक महिन्याच्या उशिराचं व्याज मागायचं. आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणे हे व्याज स्टेट बँकेच्या सर्वांत वरच्या कर्जदरापेक्षा दोन टक्के जास्त धरतात. आमच्यातल्या आठजणांनी थांबायचं ठरवलं, तिघांनी बाहेर पडायचं. पाच-पाच हजार फी भरून तक्रारी नोंदवल्या.

पण कायद्याची गती आणि निवृत्तीची गती वेगळी असते. मे २०१८ उजाडला. हार-नारळ मिळाला आणि क्वार्टर सोडायची मुदतही मिळाली. मग भाड्याची खोली शोधणं आलं. दलाल खोली दाखवायचा, मालक हसून बोलायचा. आडनाव विचारलं की म्हणायचा, "अरेरे, कालच एकाला शब्द दिला." चार ठिकाणी असं झालं. शेवटी याच वस्तीतल्या एका माईंनी आपली वरची खोली दिली, तीही डिपॉझिट न मागता. त्या आज समोर बसल्या आहेत. त्यांनी नाव घ्यायला मनाई केली आहे.

खरी परीक्षा झाली २०१९ च्या दिवाळीत. बिल्डरने बोलावून सांगितलं, "ओसी नाही आली अजून, पण तुमची अडचण आम्हाला समजते. चावी घेऊन जा, फर्निचर करून घ्या, राहायला लागा. फक्त उरलेले पैसे भरा आणि तक्रार मागे घ्या." चावी टेबलावर ठेवली होती. आम्ही दोघं निवृत्तीच्या वयात परक्या खोलीत राहणारी माणसं. हात पुढे जात होता, खोटं कशाला बोलू? हिने पदराखाली आमचा हात धरला आणि विचारलं, "पाण्याचं कनेक्शन आहे का?" नव्हतं. भोगवटा प्रमाणपत्राशिवाय ताबा देणंही बेकायदा आणि घेणंही बेकायदा, हे आम्हाला तोवर माहीत झालं होतं. आम्ही उठून आलो. ज्या दोन कुटुंबांनी चावी घेतली त्यांनी पुढे टँकरच्या पाण्यावर दिवस काढले. त्यांना आम्ही मूर्ख म्हणणार नाही. त्यांच्या घरमालकाने त्यांना मुदत दिली होती, आमच्या माईंनी आम्हाला दिली नव्हती, एवढाच फरक.

आदेश आमच्या बाजूने लागला. मग २०२० मध्ये लॉकडाऊन आला, मजूर गावी गेले, बांधकामांना सहा महिन्यांची मुदतवाढ मिळाली. शेवटी २०२१ च्या ऑक्टोबरात ओसी आली आणि चावी हातात पडली. आमचं व्याज बिल्डरने शेवटच्या हप्त्यांतून वळतं केलं. जे तिघं बाहेर पडले त्यांनाही परताव्याचा आदेश मिळाला, पण बिल्डर पैसे देईना. मग वसुलीचा वॉरंट कलेक्टर कचेरीत गेला आणि तिथेही चपला झिजल्या. दोघांचे पैसे आले, एकाचे अजून यायचे आहेत. म्हणून कायदा आहे या भरवशावर डोळे मिटून पैसे देऊ नका.

आता जे घर घ्यायला निघाले आहेत त्यांना चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट. महारेराचा नोंदणी क्रमांक बघितल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका. संकेतस्थळावर इमारतीची पूर्ण होण्याची तारीख आणि मंजुऱ्या दिसतात. मुलांना सांगा, पाच मिनिटांत काढून देतील. रजिस्टर करार झाल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही. रोखीने तर अजिबात देऊ नका. ज्याची पावती नाही तो पैसा कुठल्याच सुनावणीत मोजला जात नाही.

दुसरी गोष्ट. ताब्याच्या तारखेवर दुसरी तारीख बांधू नका. मुलीचं लग्न, मुलाची शाळा, भाड्याची खोली सोडणं, यातलं काहीही ओसी हातात येईपर्यंत त्या तारखेला टांगू नका. भाडं आणि बँकेचं व्याज दोन्ही मिळून दीड-दोन वर्षं चालवता येईल एवढी शिल्लक धरूनच घराची किंमत ठरवा. ती शिल्लक राहत नसेल तर लहान घर बघा किंवा ओसी मिळालेलं तयार घर बघा. शेकड्याला महिना पाच-दहा रुपये घेणाऱ्या सावकाराच्या दारात हप्ता भरण्यासाठी जाऊ नका.

तिसरी गोष्ट. म्हाडाच्या सोडतीत अनुसूचित जातीसाठी ११ टक्के घरं राखीव असतात. पण २०२३ पासून कागदपत्रं सोडतीच्या आधीच द्यावी लागतात. अधिवास प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि वैधता, हे सगळं आजच काढून फाईलला लावा. आपल्या एका बांधवाचा नंबर आधी दोनदा हुकला. तिसऱ्या वेळी फाईल तयार होती, तरीही नंबर लागला नाही. पण त्यांनी फाईल मोडीत काढली नाही. पुढच्या वेळी ती पुन्हा उपयोगी पडेल.

चौथी गोष्ट, आणि आमच्या मते हीच मोठी. घरात लपवू नका. वाईट पत्र आलं तर त्याच संध्याकाळी सगळ्यांसमोर वाचा. मुलांनाही बसवा. फसवणूक झाली म्हणून मान खाली घालू नका. लाजायचं असेल तर फसवणाऱ्याने लाजावं. आणि घराबाहेर, निदान इथे विहारात, कुणालातरी सांगा. घर मिळायला आठ वर्षं गेली, त्यात तीन महिनेच आम्ही एकटे होतो. पण सगळ्यात जड गेले ते तीन महिनेच.

त्यासाठी समितीला एक विनंती आहे. महिन्यातल्या एका रविवारी वंदनेनंतर अर्धा तास घराच्या कागदपत्रांसाठी ठेवावा. ज्याच्याकडे करार असेल त्याने आणावा, ज्याला वाचता येतो त्याने वाचून दाखवावा. आमची शंभर पानी वही भरून दुसरी सुरू झाली होती. त्या दोन्ही वह्या आम्ही आज विहाराच्या वाचनालयाला देत आहोत. त्यात पत्रांचे मसुदे आहेत, तक्रारीची नक्कल आहे. हिचं अक्षर चांगलं आहे, वाचायला त्रास होणार नाही.

आम्ही आता बदलापूरला राहतो. दोन गाड्या बदलून येतो, पण महिन्यातल्या पहिल्या रविवारी विहार चुकवत नाही. घर लहान आहे. या एकदा सगळे, पाणी नळाचं आहे.

एवढं बोलून आमचे दोन शब्द संपवतो. जयभीम! नमो बुद्धाय!